मांगी-तुंगीची एक चढण

मालेगावात पोहोचेपर्यंत मोसम नदी थकलेली असते. हरणबारीच्या धरणात अडलेले आणि पाटांनी शेतोशेती वाटले गेलेले तिचे पाणी आमच्या पुलाखाली येते तेव्हा फारसे उरलेले नसते. जे उरते त्याकडे पाहून ही नदी उंच, निर्मळ पर्वतांतून निघाली असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ती निघते बागलाणातील सह्याद्रीच्या रांगांतून, आणि त्याच रांगांत मांगी आणि तुंगी ही दोन जुळी शिखरे उभी आहेत. गावापासून अवघ्या दीड तासाच्या वाटेवर असलेले हे सिद्धक्षेत्र. आम्ही चौघे मित्र वर्षानुवर्षे म्हणत आलो, ‘एकदा सगळे मिळून जाऊ.’ जवळच्या तीर्थाचे असेच होते. शिखरजीला जाण्यासाठी खूप आधी तिकिटे काढली जातात. घराजवळचा डोंगर मात्र ‘कधीही जाता येईल’ या सदरात पडून राहतो.

आम्ही चौघे म्हणजे पहाटे कॅम्पातल्या रस्त्यावर एकत्र फिरणारी जुनी मंडळी. वयाने मोठे अण्णा भुसार मालाची आडत चालवतात. भाऊंचे कापडाचे दुकान, नानांची भांडी आणि माझा वह्या-पुस्तकांचा व्यवसाय. दोघे स्थानकवासी, एक मंदिरमार्गी आणि नाना दिगंबर. कोणाचे पर्युषण आधी आणि कोणाचे दशलक्षण नंतर, यावरून चाळीस वर्षे थट्टा चालत आली आहे. परंतु क्षमापनेच्या दिवशी चौघेही चौघांच्या घरी जाऊन येतात.

यंदा जाण्याचे ठरले त्याला कारण अण्णा होते. आषाढात त्यांचा धाकटा भाऊ गेला. रात्री दुकान वाढवून दोघे भाऊ बरोबर घरी आले, आणि पहाटे धाकटा उठलाच नाही. पस्तीस वर्षे दोघांचा एकत्र कारभार होता. बाहेरची खरेदी, खेड्यापाड्यांतले शेतकरी, बाजार समिती हे अण्णांकडे. गादी, गल्ला आणि खाती धाकट्याकडे. हिशेब संगणकावर गेले तरी दिवाळीच्या पूजेची वही त्यांच्याकडे होतीच, आणि तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढण्याचा मान धाकट्याचा. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते.

गेल्या दिवाळीला अण्णांनी वही आणली, कुंकू लावले, आणि पहिले पान कोरेच ठेवून ती लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवली. धाकट्याच्या गादीवर रोज सकाळी स्वच्छ चादर अंथरली जाई, तक्क्या नीट केला जाई. मात्र तिथे कोणी बसायचे नाही. त्याचा भ्रमणध्वनी रोज रात्री चार्ज होई. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला त्याचा मुलगा सहा महिने त्या दुकानात उभाच होता. अक्षरशः उभा, कारण बसायची जागा एकच होती आणि ती त्याच्या वडिलांची होती. पुण्याला नोकरी मिळते का हे तो पाहू लागला आहे, असे त्याच्या आईने माझ्या घरी येऊन सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. अण्णांना हे सांगणार कोण? आम्ही तिघांनीही धीर केला नाही. एवढेच केले की, पौषातल्या एका सुट्टीच्या दिवशी मांगी-तुंगीला जायचे असे ठरवून टाकले. अण्णा आधी नको म्हणाले. मग म्हणाले, “गाडी पोराला चालवू द्या. माझी नजर पहाटे नीट चालत नाही.”

पहाटे पाचला निघालो. नामपूर मागे पडले, जायखेडा गेले, ताहाराबादच्या अलीकडे पूर्व उजळू लागली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याची लागवड, मधूनच डाळिंबाच्या बागा. आमच्या घरांत कांदा शिजत नाही, परंतु त्याचा भाव सकाळ-संध्याकाळ विचारला जातो. या कसमादे भागात पिकाला भाव मिळाला नाही, तर कापड, भांडी, वह्या, सारेच दुकानात पडून राहते. भाऊ हेच बोलत होते. अण्णा काचेबाहेर पाहत होते. या रस्त्यावरच्या प्रत्येक गावात त्यांचे आणि त्यांच्या भावाचे खातेदार होते.

ताहाराबादहून डोंगराकडे वळल्यावर नानांनी हात दाखवला. डोंगराच्या माथ्यावर आकाशात घुसलेले दोन काळे सुळके, आणि त्यांना जोडणारी लांब सपाट धार. एक मांगी, दुसरा तुंगी. समुद्रसपाटीपासून मांगीची उंची ४,३४३ फूट आणि तुंगीची ४,३६६ फूट. दोघांत फरक अवघ्या तेवीस फुटांचा. “सख्ख्या भावांसारखे,” भाऊ सहज बोलून गेले, आणि मग गाडीत बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

पायथ्याशी भिलवाड गाव आहे. तिथे मंदिरे, धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. दर्शन घेतले, वहाणा काढून ठेवल्या, हातात काठ्या घेतल्या. नवकारशीला अजून अवकाश होता, म्हणून उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या पिशवीतच राहिल्या. पायऱ्यांच्या आरंभी डोलीवाले बसले होते. आसपासच्या पाड्यांतली ही काटक माणसे. त्यांच्यातला एक वयस्क अण्णांच्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाला, “शेठ, चढताना दम लागतो, उतरताना गुडघे लागतात. डोली उतरायलाच लागते माणसाला.” अण्णांनी हात जोडून नकार दिला. मग मागे वळून पुतण्याला म्हणाले, “तू गाडीपाशी थांब.” पोराने काठी घेतली होती. ती त्याने भिंतीला टेकवून ठेवली आणि मान डोलावली.

पायऱ्या साडेतीन हजारांच्या घरात आहेत. व्यापारी माणूस पायऱ्या चढला तरी मोजल्याखेरीज चढत नाही. भाऊंनी शंभराचा एक असा हिशेब बोटांच्या पेरांवर ठेवला होता. पाचशेपर्यंत आमच्या गप्पा चालल्या, आठशेनंतर वाक्ये लहान झाली, हजारानंतर फक्त श्वास ऐकू येऊ लागले. सूर्य वर आला आणि समोरचा कडा, आधी काळा, मग तांबूस, मग राखी असा रंग बदलत गेला. खाली शेतांचे चौकोन, त्यांत मध्येच चकाकणारे पाणी. पौषाचा गारठा असूनही पाठीवर घाम आला.

अनवाणी चालताना पायाखालची प्रत्येक पायरी समजते. कुठे दगड गार आहे, कुठे उन्हाने कोमट झाला आहे, कुठे मुंग्यांची रांग आडवी गेली आहे. ईर्यासमिती हा शब्द व्याख्यानांतून आपण किती वेळा ऐकतो! चार हात पुढची जमीन पाहून, जीव वाचवून पाऊल टाकणे. दुकानातून घरी आणि घरातून दुकानात जाताना ते कोणाला साधते? डोंगरावर ते आपोआप साधते, कारण इथे नजर वर गेली की पाय चुकतो.

आमच्या पुढे एका वृद्ध आजींची डोली चालली होती. चार माणसे, खांद्यांवर दांडी, आणि पावलांचा एकच ठेका. काही पायऱ्या गेल्या की ते एक शब्द उच्चारत, डोली अलगद टेकवत आणि खांदा बदलून पुन्हा उचलत. नानांनी कुतूहलाने विचारले, “एवढ्या वेळा कशाला टेकवता? तेवढ्यात पुढे निघून जाल की.” त्यांच्यातला तरुण हसला. “नाही टेकवली तर शंभर पायऱ्यांतच खांदा जातो, काका. मग ना डोली वर जाते, ना माणूस.” हे बोलून त्यांनी डोली उचलली. अण्णा एका पायरीवर हात टेकून उभे होते. त्यांनी ते ऐकले की नाही, सांगता येत नाही.

वाटेत शुद्ध आणि बुद्ध या मुनींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुंफा लागतात. तिथे थोडे बसलो. नवकारशीची वेळ टळून गेली होती. बाटल्या निघाल्या आणि उकळलेले कोमट पाणी घोट घोट प्यालो. खाण्याचे काही काढले नाही, डोंगर उतरल्यावरच खायचे असे चौघांनी आधीच ठरवले होते. भाऊंना मधुमेह आहे, म्हणून त्यांच्यापुरता सुखडीचा एक तुकडा बायकोने खिशात दिला होता. तो त्यांनी अण्णांपुढे धरला. अण्णा म्हणाले, “धाकट्याला सुखडी फार आवडायची.” त्या दिवसातले त्यांचे हे पहिले पूर्ण वाक्य.

वर पोहोचल्यावर वाट दुभंगते. एक फाटा मांगीकडे, दुसरा तुंगीकडे. मांगीचा सुळका म्हणजे उभा कातळ. त्याच्या पायाशी गुंफा कोरलेल्या आहेत आणि त्यांतून तीर्थंकरांच्या व मुनींच्या मूर्ती आहेत. काही गुंफांत, काही थेट कड्याच्या अंगावर. शतकांचे ऊन-पाऊस खाऊन कित्येक मूर्तींची नाके-डोळे पुसट झाले आहेत, तरी मुद्रेतली शांतता पुसली गेलेली नाही. दिगंबर परंपरेनुसार या तुंगीगिरीवरून राम, हनुमान, सुग्रीव आदी महापुरुषांसह नव्याण्णव कोटी मुनी मोक्षाला गेले. ‘निर्वाणकांड’ या प्राकृत स्तोत्रात तुंगीगिरीला वंदन आहे. नानांचे घराणे दर कार्तिकी पौर्णिमेला इथल्या यात्रेला येते, त्यामुळे प्रत्येक गुंफेपाशी ते आम्हांला थांबवून माहिती सांगत होते.

अशाच एका गुंफेत त्यांनी आम्हांला नेले आणि म्हणाले, “ही बलभद्रांची.” आम्ही मूर्तीचे मुख शोधू लागलो. ते दिसेना. मूर्तीची पाठ आमच्याकडे होती. मुख कातळाकडे.

नाना नेहमीच्या उत्साहाने कथा सांगू लागले. द्वारका जळाली. कृष्ण आणि त्यांचे वडीलबंधू बलभद्र एवढेच वाचून दक्षिणेकडे निघाले. वाटेत एका अरण्यात कृष्णांना तहान लागली. बलभद्र पाणी आणायला गेले. झाडाखाली पहुडलेल्या कृष्णांच्या पायाला जरत्कुमाराचा बाण लागला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. बलभद्र पाणी घेऊन आले. त्यांना वाटले, भाऊ दमून झोपला आहे. हाक मारली, वाट पाहिली, पुन्हा हाक मारली. मग भावाचे शरीर खांद्यावर घेतले आणि ते रानोरान हिंडू लागले. त्याला न्हाऊ घालीत, त्याच्याशी बोलत. कोणी म्हटले की हा गेला आहे, तर त्याच्यावर रागावत.

इथवर आल्यावर नानांचा आवाज उतरला. आपण कोणापुढे काय सांगत आहोत हे त्यांच्या ध्यानात आले असावे. ते थांबले. भाऊ दुसरीकडे पाहू लागले.

“सांगा पुढे,” अण्णा म्हणाले.

नाना सावकाश सांगू लागले. मग सिद्धार्थ नावाचा देव, जो पूर्वी बलभद्रांचा सारथी होता, त्यांना जागे करण्यासाठी आला. त्याने वेगवेगळी रूपे घेतली. बलभद्रांना दिसले की एक माणूस खडकावर कमळ लावतो आहे. पुढे एक जण जळलेल्या झाडाला पाणी घालतो आहे. आणखी पुढे एक जण मेलेल्या जनावराच्या तोंडाशी चारा धरून बसला आहे. बलभद्र म्हणाले, वेड्यांनो, खडकावर कमळ उगवेल का? मेलेले जनावर चरेल का? उत्तर आले, तुझ्या खांद्यावरचा उठेल तेव्हा हेही होईल. तेव्हा त्यांना समजले. त्यांनी भावाचा देह खाली ठेवला. दहनसंस्कार केला. दिगंबर परंपरा मानते की तो याच तुंगीगिरीवर. इथल्या एका कुंडाला आजही कृष्णकुंड म्हणतात. मग बलभद्रांनी दीक्षा घेतली आणि ते इथेच तपाला बसले. जगाकडे पाठ करून.

“किती दिवस खांद्यावर होता?” अण्णांनी विचारले.

“सहा महिने.”

अण्णांनी बोटांची पेरे मोजली. आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. व्यापाऱ्याची मोजणी. पौषावर येऊन बोट थांबले. ते खाली बसले, कातळाला पाठ टेकून, त्या मूर्तीच्या पाठीकडे पाहत. आम्ही तिघे बाहेर आलो.

बाहेर वारा होता. दूर साल्हेरचा विस्तीर्ण माथा दिसत होता. १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला, आणि शिखरांत कळसूबाईखालोखालचा. १६७२ साली त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवले. २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचे नाव आहे. अलीकडे मुल्हेर, मोरा, हरगड. या डोंगरांमधल्या खिंडींतून एके काळी सुरतेच्या बंदराचा माल दख्खनेत जात असे. बैलांच्या पाठीवर कापड, धातू, मसाले. आपले पूर्वज व्यापाराच्या ज्या वाटांनी या मुलखात आले, त्यांत बागलाणाची वाटही असेल. त्या तांड्यांतला एखादा वाणी माल उतरवून, बैलांना विसावा देऊन, डोंगराकडे पाहून हात जोडत असेल, आणि सकाळी पुन्हा गोण्या लादून निघत असेल.

अर्ध्या तासाने अण्णा बाहेर आले. डोळे लाल होते, चेहरा कोरडा होता. “चला तुंगीला,” एवढेच म्हणाले.

मांगीहून तुंगीला जाणारी वाट धारेवरून जाते. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, वारा अंगावर येतो, आणि तुंगीचा सुळका एखाद्या उभ्या खांबासारखा समोर वाढत जातो. त्याच्या पायाशी चंद्रप्रभ भगवंतांची आणि रामचंद्रांची अशा दोन गुंफा आहेत. दर्शन झाल्यावर सुळक्याभोवती प्रदक्षिणा घातली. अण्णा माझ्यापुढे होते. चालता चालता, न वळता, बोलू लागले.

“त्या दिवशी रात्री दुकान वाढवताना आम्ही भांडलो होतो. उधारीवरून. एका शेतकऱ्याला मी वेळ दिला होता, त्याला ते पटले नव्हते. घरी येईपर्यंत बोललो नाही. म्हटले, सकाळी बोलू.” थोड्या पावलांनी पुन्हा म्हणाले, “दर संवत्सरीला आपण साऱ्या गावाला मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. घरातल्या माणसाला म्हणायचे राहून जाते. मला वाटत होते, त्याची जागा तशीच ठेवली तर त्याला राग आला नाही असे होईल.”

मी काय उत्तर देणार? एवढेच म्हणालो, “पोराचा चेहरा त्याच्यासारखाच आहे, अण्णा.” आणि मग, जे सहा महिने तिघांनाही जमले नव्हते, ते तिथे सांगून टाकले. तो पुण्याला नोकरी पाहतो आहे. त्याला कोणी जा म्हटले नाही, परंतु बसही म्हटले नाही.

अण्णा थबकले. काठीवर दोन्ही हात ठेवून खालच्या दरीकडे पाहत राहिले. “पायथ्याशी मी त्याला गाडीपाशी थांब म्हणालो,” ते हळूच म्हणाले. “आजही.”

उतरणीला डोलीवाल्याचे शब्द खरे ठरले. दम लागत नव्हता, पण प्रत्येक पायरीगणिक गुडघा बोलत होता. अण्णांचा डावा पाय थरथरू लागला. एका बाजूने नाना, दुसऱ्या बाजूने भाऊ, असे कसेबसे निम्म्याहून खाली आलो, तोच वळणावर खालून येणारा पुतण्या दिसला. एका हातात काठी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. अनवाणी, घामाने निथळलेला. “उशीर झाला म्हणून आलो, मोठे काका. पाणी भोजनशाळेतून उकळून आणलंय.” थांब म्हटलेले असताना वर आल्याबद्दल बोलणी बसतील, अशी त्याच्या चेहऱ्यावर धास्ती होती.

अण्णांनी पाणी घेतले. अर्धी बाटली संपेपर्यंत प्याले. मग नाना-भाऊंचे हात सोडून पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चल. हळू चाल, मला खाली न्यायचे आहे तुला.” उरलेल्या साऱ्या पायऱ्या ते दोघे पुढे आणि आम्ही तिघे मागे, असे उतरलो. काय बोलले ते ऐकू आले नाही, ऐकायचेही नव्हते. मात्र दर काही पायऱ्यांनी थांबून पोरगा खांदा बदलत होता, हे मी पाहिले.

खाली येऊन भोजनशाळेत जेवलो. वरण, भात, गरम पोळी. डोंगर चढून आलेल्या माणसाला त्या साध्या जेवणाची जी चव लागते ती लग्नाच्या पंगतीत लागत नाही. मग ऋषभदेव भगवंतांच्या भव्य मूर्तीचे दर्शन घेतले. डोंगराच्या अखंड पाषाणातून कोरलेली ही १०८ फूट उंचीची मूर्ती. गणिनी आर्यिका ज्ञानमती माताजींनी १९९६ साली तिचा संकल्प केला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत तिची प्रतिष्ठा झाली. वीस वर्षे. आमच्यापैकी प्रत्येकाने मनातल्या मनात हिशेब केला असणार की, एवढा धीर धरून आपण कोणते काम केले? मूर्तीसमोर उभे राहिल्यावर मान इतकी मागे जाते की डोक्यावरची टोपी पडते, आणि आपल्या दुकानाचा, घराचा, रागा-लोभाचा आकार किती आहे ते आपोआप कळते. परंतु खरे सांगायचे तर माझे मन त्या दिवशी वर, त्या पाठमोऱ्या लहानशा मूर्तीपाशीच राहिले होते.

सूर्यास्तापूर्वी चौविहाराची वेळ सांभाळून पाणी प्यालो आणि परत निघालो. गाडीत अण्णा पुढे, पुतण्याच्या शेजारी बसले. ताहाराबाद मागे टाकल्यावर अंधार पडला. रस्त्यालगत कुठेतरी मोसम वाहत असेल. दिसत नव्हती, पण एका पुलावरून गाडी गेली तेव्हा गारवा आत आला. नामपूरच्या अलीकडे अण्णा पुतण्याला अमुक गावचा अमुक खातेदार कसा, त्याचा माल कसा, त्याच्या बापाचे वचन कसे पक्के होते, हे सांगू लागले. एकेक गाव मागे पडत होते आणि एकेक खाते उघडत होते. मागच्या सीटवर भाऊ झोपी गेले होते. नाना जागे होते, परंतु डोळे मिटून होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काही निमित्त काढून मी आडतीवर गेलो. चादर अंथरलेली होती, तक्क्या होता, आणि गादीवर पुतण्या बसला होता, जरा अवघडून, जणू दुसऱ्याच्या घरी पाहुणा आला आहे. त्याच्यापुढे लाल फडके सोडलेली वही होती. पहिल्या पानावर नुकताच ‘श्री’ काढला होता. शाई अजून ओली होती.

अण्णा उभे होते. चष्मा वर करून त्यांनी पान जवळ धरले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, “वरची रेघ जरा वाकडी आली आहे.” मग वही त्याच्यापुढे पुन्हा ठेवत म्हणाले, “असू दे. तुझ्या बापाचीही पहिल्या वर्षी अशीच आली होती.”